गेमिंगचा संगणक : जोडावा की जोडलेला आणावा?

बारावीची परीक्षा संपली की बऱ्याच घरांत मागणी होते, 'गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर हवा.' मग प्रश्न पडतो, कंपनीचा तयार संच आणावा, की सुटे भाग आणून घरीच जोडावा? रक्कम मोठी असते. म्हणून दोन्ही बाजू नीट पाहू या.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, कूलर, कॅबिनेट आणि वीज पुरवणारा एसएमपीएस, एवढे भाग लागतात. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स या मापामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र बसू शकतात. जोडणीला एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक निवांत दुपार पुरते. कस लागतो तो निवडीत. प्रोसेसर मदरबोर्डच्या सॉकेटला जुळावा लागतो. डीडीआर-४ च्या खाचेत डीडीआर-५ रॅम बसतच नाही.

तयार संचाच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डची नावे ठळक असतात. काटकसर होते ती न दिसणाऱ्या जागी. एसएमपीएस हलका असतो, किंवा रॅमच्या दोन पट्ट्यांऐवजी एकच बसवून वेग कमी केलेला असतो. काही संचांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचे असतात. पुढे मोठे ग्राफिक्स कार्ड घालायचे म्हटले, की अडचण येते.

पण तयार संचाची सोयही मोठी आहे. बहुधा विंडोज त्यात आलेली असते आणि तक्रारीला एकच दार असते. जोडलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. ती अनेकदा जास्त वर्षांची असते, पण बिघाड कोणत्या भागात आहे हे आपणच शोधायचे. त्यासाठी प्रत्येक भागाचे पक्के बिल जपायला हवे.

स्वतः जोडलेला स्वस्तच पडतो, असेही नाही. २०२१ मध्ये चिपटंचाई आणि आभासी चलनाच्या हव्यासामुळे सुटी ग्राफिक्स कार्डे इतकी महागली, की त्यापेक्षा अख्खा संच परवडे. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांकडून आलेल्या मागणीमुळे रॅमचे भाव चढले. तेव्हा खरेदीच्या दिवशीच भागवार हिशेब मांडावा.

मधला मार्गही आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आपण भाग निवडावेत आणि दुकानदाराने जोडून द्यावेत, ही जुनीच रीत आहे.

शेवटी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. एखाद्या दिवशी संगणक सुरूच झाला नाही, तर कॅबिनेट कोण उघडणार? घरात कोणी तयार असेल, तर खुशाल जोडावा. नसेल, तर तयार आणावा. मात्र एसएमपीएस किती वॉटचा, कोणत्या कंपनीचा, रॅमच्या पट्ट्या किती, हे लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.