घराचे अदृश्य दार

संध्याकाळी दिवेलागणीनंतर घराची दारे लावून घ्यावीत, कडीकोयंडा नीट बसला आहे की नाही ते पाहावे, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु अलीकडे पुष्कळशा घरांना आणखी एक दार झाले असून ते डोळ्यांना दिसत नाही. भिंतीवर किंवा कपाटावर ठेवलेली, लुकलुकत्या दिव्यांची लहानशी पेटी, जिला राउटर असे म्हणतात, तेच हे दार होय. तारेने घरापर्यंत आलेले इंटरनेट ही पेटी रेडिओलहरींच्या रूपाने घरभर पसरवते. या बिनतारी जाळ्यास वायफाय हे नाव आहे. रेडिओलहरींना घराची हद्द ठाऊक नसते. विटांच्या भिंतीतून त्या क्षीण होऊन का होईना, पण बाहेर पडतात आणि जिन्यात, शेजाऱ्याच्या ओसरीवर, क्वचित रस्त्यापर्यंतही जाऊन पोहोचतात.

हे दार उघडे राहिले तर काय होते, याचा अनुभव २००८ साली आला. त्या वर्षी २६ जुलै रोजी अहमदाबाद शहरात बाँबस्फोटांची मालिका घडून अनेक निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो नवी मुंबईतील एका सदनिकेपाशी येऊन थांबला. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा या कृत्याशी काहीही संबंध नव्हता. मात्र त्याच्या वायफायला कुलूप नव्हते आणि दुसऱ्याच कोणी त्याचा उपयोग करून घेतला होता. तरीही त्या गृहस्थास चौकशीच्या फेऱ्यातून जावेच लागले. कारण इंटरनेटवर गेलेल्या संदेशावर जोडणीचा क्रमांक उमटतो, माणसाचे नाव उमटत नाही. पुढे २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी शहरात हिंडून अशी उघडी जाळी शोधण्यास प्रारंभ केला.

घरच्या जाळ्याची परीक्षा करणे कठीण नाही. वडीलधाऱ्यांना सोबत घेतले म्हणजे ती अर्ध्या तासात उरकते. ती आपल्याच घरापुरती करावी, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. दुसऱ्याच्या जाळ्यात परवानगीवाचून शिरण्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याने मनाई आहे.

राउटरच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर छापलेला पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ असा) त्याच जाळ्याला जोडलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये लिहिला, की राउटरचे स्वतःचे पान उघडते. तेथे पासवर्ड विचारला जातो. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' यासारखा मूळचाच शब्द तेथे चालला, तर पहिला दोष सापडला असे समजावे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रणालीने अशाच मूळ पासवर्डांची एक लहानशी यादी वापरून जगभरचे लाखो कॅमेरे व राउटर कह्यात घेतले होते.

आत गेल्यावर कुलूप कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. वायफायवरचा मजकूर सांकेतिक रूपात जातो. त्यासाठी १९९७ साली आलेली डब्ल्यूईपी ही पद्धती २००१ मध्येच कच्ची ठरली. आज ती काही मिनिटांत फुटते. २००४ ची डब्ल्यूपीए २ चालू शकते, २०१८ ची डब्ल्यूपीए ३ तिच्याहून भक्कम आहे.

परंतु कुलूप उत्तम असून किल्ली क्षुल्लक असली, तर काय उपयोग? कित्येक घरांत मोबाइलचा क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवतात. सोयीचा खरा, पण थोडे गणित करून पाहा. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून त्याचा पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९ असतो. म्हणजे असे क्रमांक फार तर ४०० कोटी संभवतात. डब्ल्यूपीए २ च्या जाळ्याला एखादे उपकरण जोडले जात असता होणारी देवाणघेवाण बाहेरून टिपून घेता येते आणि मग निवांतपणे एकेक क्रमांक तिच्याशी ताडून पाहता येतो. शक्तिशाली संगणक हे काम सेकंदाला १० लाख वेळा करू शकतो. ४०० कोटींना १० लाखांनी भागले की उरतात ४,००० सेकंद, म्हणजे अवघी ६७ मिनिटे! आता याउलट पाहा. शब्दकोशातील १०,००० शब्दांतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द उचलावेत, उदाहरणार्थ पाटा, ढग, सायकल, वांगे, आणि ते रोमन लिपीत सलग लिहावेत. त्याच संगणकाला अशा सर्व जुळण्या तपासण्यास ३०० वर्षांहून अधिक काळ लागेल. (येथे छापलेले चार शब्द मात्र वापरू नयेत.)

शेवटी जोडलेल्या उपकरणांची यादी वाचावी. आईचा मोबाइल, ताईचा संगणक, टीव्ही असे एकेक नाव ओळखत जावे. अनोळखी नाव दिसले की लगेच चोर शिरला असे मानू नये. काही उपकरणे आपले नाव केवळ अक्षरांत व आकड्यांत सांगतात, तर कधी पाहुणे आलेल्या मामांचा मोबाइलही यादीत असतो. सर्वांना विचारूनही मालक सापडला नाही, तर वायफायचा पासवर्ड बदलावा. मग घरची सर्व उपकरणे नव्याने जोडावी लागतात. ज्याचा मालक सापडला नाही, ते तेवढे बाहेर राहते.