विषय गौण, भाषा पहिली

आयर्लंडच्या १९३७ सालच्या राज्यघटनेतील आठवे कलम अवघ्या काही ओळींचे आहे. आयरिश ही देशाची राष्ट्रभाषा असून म्हणूनच ती प्रथम राजभाषा आहे आणि इंग्रजीला दुसरी राजभाषा म्हणून मान्यता आहे, असे त्यात नमूद केले आहे. याच प्रथम राजभाषेचे नाव अटलांटिकपलीकडच्या विद्यापीठांत मात्र वेगळ्याच यादीत सापडते. इंडियानातील नोत्रदाम, बोस्टन कॉलेज, न्यूयॉर्क विद्यापीठ, कॅनडात मॉन्ट्रियलचे कॉन्कॉर्डिया अशा ठिकाणी आयरिश संस्कृती आणि भाषा हा 'मायनर', म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीने घ्यावयाचा गौण विषय आहे. संगणकशास्त्र, अर्थशास्त्र किंवा जीवशास्त्रात पदवी घेणारा विद्यार्थी त्यासोबत थोडे आयर्लंड शिकतो. हे 'थोडे' नेमके किती आणि कशाचे, हाच या अभ्यासक्रमामागचा खरा प्रश्न आहे.

मेजर आणि मायनर हे शब्द २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या महाविद्यालयांतही रुळू लागले आहेत. अमेरिकेत ही पद्धत जुनी. मायनर म्हणजे सर्वसाधारणपणे पाच-सहा अभ्यासक्रम आणि पंधरा ते अठरा क्रेडिट. पदवीच्या चार वर्षांत ते सवडीने पुरे करता येतात. आयरिश अभ्यासाच्या बाबतीत त्यात इतिहास असतो, साहित्य असते, संगीत, लोकविद्या, उत्तर आयर्लंडचे राजकारण आणि चित्रपटही असतात. जॉइस, येट्स, बेकेट, हीनी ही नावे कुठल्याही विद्यार्थ्याला खुणावणारीच. पण ती सारी इंग्रजीतली (बेकेट तर फ्रेंचमधलाही). म्हणजे आयरिश भाषेचे एक अक्षरही न शिकता आयरिश अभ्यासाचे प्रमाणपत्र मिळवणे सहज शक्य आहे. काही विद्यापीठांनी म्हणूनच भाषेची किमान अट घातली, तर काहींनी ती ऐच्छिक ठेवली. अट घातली की विद्यार्थी घटतात, काढली की विषयाचा कणा जातो. सोयीच्या दृष्टीने दुसरा मार्ग आकर्षक असला, तरी भाषेविना होणारा हा अभ्यास पर्यटनाच्या फारसा पुढे जात नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

असे म्हणण्याचे कारण इतिहासात आहे. आयरिश भाषा आपोआप मागे पडली नाही. १८३१ मध्ये आयर्लंडात सरकारी राष्ट्रीय शाळांची व्यवस्था सुरू झाली आणि तिचे माध्यम इंग्रजी होते. अनेक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवली जाई. मूल आयरिशमध्ये बोलले की काठीवर एक खाच पडे आणि दिवसाच्या शेवटी खाचा मोजून शिक्षा होई. यातला जिव्हारी लागणारा भाग असा की, या व्यवस्थेला पुष्कळदा आईबापांचीच संमती असे. इंग्रजी आली तर पोराचे पोट भरेल, ही त्यांची समजूत. आणि ती चुकीची होती असेही म्हणता येत नाही. त्यात १८४५ ते १८५२ चा महादुष्काळ आला. बटाट्याचे पीक करप्याने गेले, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. दुष्काळाचा सर्वांत मोठा घाव पश्चिमेच्या व नैऋत्येच्या गरीब प्रांतांवर बसला, आणि आयरिश भाषा बोलणारी वस्ती मुख्यत्वे तिथेच होती. १८५१ च्या जनगणनेत प्रथमच भाषेविषयी प्रश्न विचारला गेला, तेव्हा सुमारे १५ लाख लोकांनी आयरिश येत असल्याचे सांगितले. चाळीस वर्षांनी हा आकडा सात लाखांच्याही खाली आला होता.

बोस्टन किंवा न्यूयॉर्कच्या वर्गात आज बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांचे पूर्वज त्या जहाजांतून उतरलेले होते. त्यांतल्या कित्येकांनी बंदरावरच आपली भाषा मिटून ठेवली आणि पुढच्या पिढीला ती दिलीच नाही. तेव्हा सहा-सात पिढ्यांनंतर एखादा विद्यार्थी सकाळच्या तासाला क्रियापदांची रूपे घोकतो, ती पणजोबांच्याही आजोबांनी सोडून दिलेल्या मालमत्तेची चौकशीच असते. अर्थात वर्गात सगळेच आयरिश वंशाचे नसतात; कोणी संगीतामुळे येतो, कोणी टोल्किन वाचून, तर कोणी वेळापत्रकात तेवढाच तास रिकामा होता म्हणून.

अमेरिकेतील हा अभ्यास नवा नाही. आयरिश स्थलांतरितांच्या 'एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स' या संघटनेने दिलेल्या पन्नास हजार डॉलरच्या देणगीतून वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात १८९६ मध्ये गेलिक भाषेचे अध्यासन सुरू झाले. मायदेशी त्याच सुमारास पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहिली होती. डग्लस हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन केली. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव असलेले हाइड पुढे डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आधुनिक आयरिशचे प्राध्यापक झाले आणि १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. लीगच्या रेट्यामुळे १९१३ पासून राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशासाठी आयरिश सक्तीची झाली. स्वातंत्र्यानंतर शाळांतही ती अनिवार्य ठरली.

सक्तीने काय साधले, याचा हिशेब मात्र चमत्कारिक आहे. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंड प्रजासत्ताकातील १८ लाख ७३ हजार ९९७ लोकांनी, म्हणजे तीन वर्षांवरील लोकसंख्येच्या सुमारे ४० टक्क्यांनी, आपल्याला आयरिश येते असे नोंदवले. शाळा-महाविद्यालयाबाहेर ती रोज बोलणारे निघाले जेमतेम ७२ हजार. बारा-तेरा वर्षे शिकून भाषा 'येणे' आणि ती तोंडात असणे, यांतील अंतर या दोन आकड्यांत मावते. पेग सेयर्स या ब्लास्केट बेटावरच्या वृद्धेचे १९३६ सालचे आत्मचरित्र कित्येक वर्षे शालेय पाठ्यपुस्तक होते. उत्तम निवेदनाचा नमुना असलेले ते पुस्तक परीक्षेपायी एका अख्ख्या पिढीला नकोसे झाले. परदेशी विद्यापीठात तेच पान आवडीने वाचले जाते, कारण तिथे ते कुणी लादलेले नसते. गौण विषयाचा हा एक अनपेक्षित फायदा.

भाषा शिकायला सोपी नाही. तरीही मराठी माणसाला तिच्यातल्या काही गोष्टी इंग्रजी भाषकापेक्षा लवकर उमगाव्यात. इंग्रजीप्रमाणे 'असणे' आणि 'जवळ बाळगणे' अशी दोन क्रियापदे आयरिशमध्ये नाहीत. 'ता ल्याउर अगम' याचा शब्दशः अर्थ 'आहे पुस्तक माझ्याकडे'. भूक तिथे माणसाला नसते, ती माणसावर येते. आपल्याला 'लागते', तसेच काहीसे. 'हो' आणि 'नाही' यांसाठी स्वतंत्र शब्द नाहीत. 'आलास का?' याला 'आलो' किंवा 'नाही आलो' असेच उत्तर द्यायचे. वाक्यात क्रियापद सर्वांत आधी येते, हे मात्र मराठीच्या नेमके उलट.

खरी कसोटी लागते ती शब्दाच्या आरंभी. मराठीत शब्दाचे शेपूट बदलते, आयरिशमध्ये डोके. 'बॉड' म्हणजे होडी. 'त्याची', 'तिची' आणि 'त्यांची' या तिन्हींसाठी 'अ' हा एकच शब्द आहे. फरक कळतो तो पुढच्या शब्दाच्या पहिल्या ध्वनीवरून. 'अ वॉड' म्हणजे त्याची होडी, 'अ बॉड' म्हणजे तिची, 'अ मॉड' म्हणजे त्यांची. शब्दकोशात शब्द शोधायचा तर आधी त्याचे मूळ डोके ओळखावे लागते. पहिल्या सत्रात विद्यार्थी गळतात ते बहुधा याच वळणावर.

मग दोन-तीन सत्रांत हाती काय लागते? अस्खलित बोलणे निश्चितच नव्हे. पण नकाशा वाचता येऊ लागतो. आयर्लंडातील शेकडो गावांची नावे 'किल' या अक्षरांनी सुरू होतात. हे 'किल' कुठे 'किल्ल', म्हणजे चर्च असते, तर कुठे 'क्विल', म्हणजे रान. इंग्रजी पाटीवर दोन्ही सारखेच दिसतात. देवालय की अरण्य, हे मूळ आयरिश नावच सांगू शकते. १८२४ पासून झालेल्या सर्वेक्षणात इंग्रज अधिकाऱ्यांनी गावोगावची नावे इंग्रजी कानाला ऐकू आली तशी वा सोयीची वाटली तशी नोंदवली. ब्रायन फ्रील यांचे 'ट्रान्स्लेशन्स' हे १९८० साली डेरीत प्रथम सादर झालेले नाटक याच घटनेवर उभे आहे. त्यातील खेडूत आयरिश बोलतात असे प्रेक्षकाने समजायचे असते, प्रत्यक्षात रंगमंचावर ऐकू येते ती इंग्रजीच. थोडी आयरिश शिकलेल्या विद्यार्थ्याला हा विरोधाभास नुसता कळत नाही, बोचतो.

याहून मोठे धन लोकविद्येत आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडातील प्राथमिक शाळांच्या मुलांना आपापल्या घरच्या व शेजारच्या वृद्धांकडून गोष्टी, औषधे, म्हणी, खेळ आणि भुताखेतांच्या हकिकती लिहून आणायला सांगण्यात आले. त्यातून सुमारे सात लाख चाळीस हजार पानांचा संग्रह जमला. आता त्याचे संगणकीकरण झाले असून हस्तलिखित पाने वाचून ती टंकलिखित करण्याच्या कामात कुणालाही घरबसल्या भाग घेता येतो. गळ्यात काठी अडकवण्याच्या काळानंतर शंभर वर्षांच्या आतच त्याच देशातील शाळेत मुलांनी आजीचे शब्द शाबासकीसाठी वहीत उतरवून घेतले.

भारताशी या विद्येचा संबंध दूरचा वाटला तरी खरा आहे. प्राचीन आयरिशचे मोठे अभ्यासक व्हिटली स्टोक्स हे डब्लिनचे. ते इंग्रज सरकारच्या नोकरीत भारतात कायदे रचत होते. प्राचीन आयरिश टिपणांचा त्यांचा 'गॉइडिलिका' हा ग्रंथ १८६६ मध्ये चक्क कलकत्त्यात छापला गेला. भारतीय भाषांचे सर्वेक्षण करणारे जॉर्ज ग्रिअर्सनही डब्लिन परगण्यात जन्मलेले आणि तिथल्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेले. त्यांच्या सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ सालचा. पुढे माइल्स डिलन यांनी प्राचीन आयरिश आणि भारतीय विधी-परंपरांची तुलना केली. त्यांचे 'सेल्ट्स अँड आर्यन्स' हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९७५ मध्ये सिमल्याहून प्रसिद्ध झाले. ऋणको दाद देत नसेल, तर धनकोने त्याच्या दाराशी उपाशी बसावे, अशी तरतूद जुन्या आयरिश कायद्यात होती. मराठी मुलखातही ही चाल होती आणि तिचे नाव, 'धरणे', आपण अजून वापरतो.

व्यवहाराची बाजूही अगदीच कोरडी नाही. २००७ पासून आयरिश ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. प्रारंभी अनुवादकच पुरेसे नसल्याने तिच्या वापरावर मर्यादा होती. ती टप्प्याटप्प्याने उठून १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण दर्जा लागू झाला. १९९६ मध्ये सुरू झालेली आयरिश दूरचित्रवाहिनी आहे, आयरिश माध्यमाच्या शाळा आहेत. २०२२ साली प्रदर्शित झालेल्या 'अन कॅलीन क्यून' या आयरिश चित्रपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले. मात्र गौण विषयाच्या बळावर ब्रुसेल्समध्ये अनुवादक होता येत नाही, हे विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच सांगितलेले बरे.

ज्यांना पुढे जायचे असते ते उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिश भाषक पट्ट्यात, गेलटाख्तमध्ये, जातात. गॉलवे विद्यापीठाचे कॉनेमारातील कॅरारो येथे केंद्र आहे, डोनेगलमध्ये १९८४ पासून प्रौढांसाठी वर्ग चालतात. राहण्याची सोय बहुधा स्थानिक कुटुंबातच होते. तिथे पाहुण्याची पहिली अडचण व्याकरणाची नसते. दुकानात त्याने जुळवून आणलेले आयरिश वाक्य ऐकून दुकानदार सौजन्यापोटी लगेच इंग्रजीत उत्तर देतो. त्यावर पुन्हा आयरिशमध्येच बोलायचे आणि समोरच्याकडून उत्तरही त्याच भाषेत काढून घ्यायचे, हे कोणत्याही क्रेडिटमध्ये बसत नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी परत त्याच दुकानात दूध आणायला जावे लागते.