ख्रिस्ती ईश्वरकल्पना आणि मानवी संबंध

ईश्वराच्या स्वरूपाविषयीच्या ख्रिस्ती श्रद्धेतून माणसामाणसांतील नात्यांसंबंधी जे विचार व आचार निष्पन्न होतात, त्यांना ख्रिस्ती नीतिशास्त्रात मध्यवर्ती स्थान आहे. ईश्वराशी असलेले नाते आणि शेजाऱ्याशी असलेले नाते ही ख्रिस्ती मतानुसार दोन स्वतंत्र क्षेत्रे नव्हेत; पहिल्याची पारख दुसऱ्यात होते. महाराष्ट्रात ही पारख प्रामुख्याने जात, कुटुंब आणि कुळ या तीन संस्थांच्या संदर्भात झाली. त्यांपैकी कुळाचा प्रश्न चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात विशेष स्पष्टपणे दिसतो.

तात्त्विक आधार : ईश्वर एक असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत तो नित्य प्रेमसंबंधाने नांदतो, असे त्रैक्याचा सिद्धांत सांगतो. म्हणजे संबंध हा ईश्वराच्या स्वरूपाचाच भाग ठरतो. बायबलमधील उत्पत्तीच्या कथेनुसार स्त्री व पुरुष ही दोघेही ईश्वराची प्रतिरूपे होत. त्यामुळे मनुष्याची प्रतिष्ठा त्याच्या कुलावर वा कर्तृत्वावर अवलंबून राहत नाही. ईश्वर सर्वांचा पिता असल्याने माणसे परस्परांची भावंडे ठरतात. येशू ख्रिस्ताच्या रूपाने ईश्वराने मानवी देह धारण केला, या श्रद्धेमुळे भुकेल्याची, आजाऱ्याची व बंदिवानाची सेवा ही ख्रिस्ताचीच सेवा मानली जाते. ईश्वराने केलेली क्षमा स्वीकारणाऱ्याने इतरांना क्षमा करणे बंधनकारक आहे. किंबहुना भावाशी वैर असेल, तर वेदीवर अर्पण करण्यापूर्वी समेट करावा, असा येशूचा उपदेश आहे. या प्रेमासाठी नव्या करारात ‘अगापे’ हा ग्रीक शब्द वारंवार येतो. त्यात आवडीनिवडीपेक्षा दुसऱ्याच्या हिताचा संकल्प अभिप्रेत आहे.

भारतीय विचारांशी संवाद : या भूमिकेची भारतीय दर्शनांशी सखोल तुलना करणाऱ्यांत नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे (१८२५–९५) हे प्रमुख होत. काशीतील मराठी ब्राह्मण पंडितांच्या परंपरेत वाढलेल्या गोरे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. षड्दर्शन दर्पण  या हिंदी ग्रंथात त्यांनी अद्वैतमतावर आक्षेप घेतला. जीव व ब्रह्म एकच असतील, तर उपासक व उपास्य हा भेद उरत नाही आणि भेदावाचून प्रेम संभवत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. याला अद्वैतवाद्यांचे उत्तर असे, की सर्वांत एकच आत्मा आहे ही जाणीवच परपीडेपासून परावृत्त करते. वारकरी परंपरेने तर विठ्ठलाला माउली मानून व भक्तांनी एकमेकांच्या पाया पडून ईश्वरभक्तीची मानवी संबंधांशी आपल्या परीने सांगड घातली होती. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ताकडे जाणाऱ्या आपल्या वाटचालीत तुकारामांचे ऋण मान्य केले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

कुटुंब व जात : एका पित्याची लेकरे ही कल्पना जन्मजात उच्चनीचतेशी विसंगत आहे. प्रभुभोजनाच्या विधीत सर्वांनी एकाच भाकरीचा व प्याल्याचा स्वीकार करावयाचा असल्याने सहभोजनाचे निर्बंध पाळणाऱ्या समाजात हा विधीच कसोटी ठरला. परंतु या श्रद्धेने नाती जोडली, तशी तोडलीही. धर्मांतरानंतर जोडीदाराने सहजीवन नाकारल्यास विवाहविच्छेदाची तरतूद करणारा स्वतंत्र कायदा १८६६ मध्ये करावा लागला. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी प्रारंभी आपले सोवळे सांभाळले. जातिभेदाविषयीचे त्यांचे मत पालटत गेले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. या स्थित्यंतराचे प्रांजळ चित्रण त्यांच्या स्मृतिचित्रे  या आत्मचरित्रात आहे.

चंद्रपूर–गडचिरोली : चांदा (सध्याचे चंद्रपूर) येथे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन १८७० च्या सुमारास सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या काळात गोरे यांनी तेथे कार्य केले. याच मिशनमधील अ‍ॅलेक्स वुड हे पुढे छोटा नागपूरचे व त्यानंतर १९२६ पासून नागपूरचे बिशप झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या एकीकरणातून उत्तर भारतीय चर्चची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापना झाली. सिरो-मलबार परंपरेच्या कॅथलिक चर्चचे चांदा येथील कार्यक्षेत्र १९६२ मध्ये केरळमधील धर्मसंघीयांकडे सोपविण्यात आले व १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा पूर्ण दर्जा मिळाला.

या प्रदेशातील गोंड समाजात देवकल्पना व नातेसंबंध यांची जोड आधीपासूनच घट्ट आहे. कुळांचे वर्गीकरण देवांच्या संख्येवरून होते : चार देवे, पाच देवे, सहा देवे व सात देवे. समान देवसंख्येची कुळे परस्परांची भाऊबंद समजली जातात व त्यांच्यात विवाह निषिद्ध असतो. सोयरीक भिन्न देवसंख्येच्या कुळाशी जुळते. कोणाचे देव किती, यावरून कोण भाऊ आणि कोण सोयरा हे ठरते. ख्रिस्ती श्रद्धा याच प्रश्नाला वेगळे उत्तर देते : पिता एकच, म्हणून सर्वच भावंडे. त्यामुळे येथे ख्रिस्ती होणाऱ्या व्यक्तीपुढील प्रश्न केवळ उपासनापद्धतीचा नसतो. कुळदेवाच्या पूजेत व मृतांच्या विधींत सहभागी न होणारा माणूस कुळाचा राहतो काय, त्याच्या लेकीची सोयरीक कोण करणार, हे प्रश्न उभे राहतात. कायद्याने अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. परंतु कुळातील स्थान कायद्याने मिळत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) स्थानिक परंपरांतील ग्राह्य अंश स्वीकारण्याचे धोरण मान्य केल्याने, भाऊबंदकी व सोयरिकीची रीत राखून श्रद्धा जपता येईल काय, याचा विचार करण्यास कॅथलिक चर्चला आधार लाभला.

मर्यादा : सिद्धांत व व्यवहार यांतील अंतर ख्रिस्ती इतिहासात सर्वत्र आढळते. गुलामगिरीचे समर्थन व तिचा विरोध या दोन्हींसाठी बायबलचाच आधार घेतला गेला. गोव्यातील ख्रिस्ती समाजात धर्मांतरानंतरही जातिभेद टिकून राहिले. भारतातील अन्य काही ठिकाणी दलित ख्रिस्ती लोकांना चर्चमध्ये वेगळे बसावे लागले व त्यांची दफनभूमीही निराळी ठेवली गेली. या विसंगतीतून १९८० नंतरच्या दशकात दलित ईश्वरविद्येचा उदय झाला. तिचे एक प्रवर्तक अरविंद निर्मल यांनी ईश्वराच्या सेवकरूपावर भर दिला. जो ईश्वर स्वतः सेवकाची कामे करतो, त्याच्या उपासकांना सेवा करणाऱ्या माणसाला हीन लेखता येणार नाही, असा या मांडणीचा आशय आहे.