साठ सालानंतरची

अमेरिकेत नव्याने आलेल्या भारतीयाला रूट बिअर नावाचं शीतपेय पाजा, पहिल्याच घोटाला तो म्हणेल, "हे तर आयोडेक्स!" त्याचं नाक खोटं बोलत नाही. तो थंड, झोंबरा वास विंटरग्रीनचा, म्हणजे आपल्या गंधपुऱ्याच्या तेलाचा. आपण जे गुडघ्याला चोळतो त्याला कुणी दहापैकी गुण देत बसतं, हे कळल्यावर मला राहवेना. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागात अशा एका निवृत्त शिक्षक आजोबांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसले.

आठ बाटल्या, कागदी पिशव्यांत गुंडाळलेल्या, वर नुसते आकडे. मध्ये पाणी आणि खारी बिस्किटं. आजोबा ओतताना बोलत नाहीत; ग्लास कानाशी नेऊन आधी गॅस ऐकतात, मग फेस बघतात. फेस बारीक बुडबुड्यांचा हवा, टिकायला हवा. युका किंवा किल्लायाचा अर्क घातला की तो टिकतो. दोन्हींत आपल्या रिठ्यासारखा फेसाळणारा गुण असतो. त्यांच्या वहीत फेसाला दोन गुण आहेत. मला ते जास्तच वाटले.

मग वास. आजोबांनी पहिला ग्लास हुंगला आणि म्हणाले, "साठ सालानंतरची."

दुसरा हुंगला. "हीसुद्धा."

आठही बाटल्या साठनंतरच्याच असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी दर ग्लासाला ते म्हणतातच. १९६० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सॅफ्रोलवर बंदी घातली. उंदरांच्या यकृतात त्याने गाठी झाल्या होत्या. सॅफ्रोल असतं सॅसाफ्रस झाडाच्या मुळाच्या सालीत, आणि जुन्या रूट बिअरचा जीव त्या सालीतच होता. आता कंपन्या सॅफ्रोल काढलेला अर्क नाहीतर कृत्रिम वास वापरतात. साठ साली आजोबा सात वर्षांचे होते. त्यांची आजी वसंतात मुळं उकळायची.

तिसरी बाटली त्यांनी पिशवीतूनच ओळखली: बार्क्स. १८९८, बिलॉक्सी, मिसिसिपी. कोरडी, जिभेला चावणारी, आणि कॅफीनवाली. पाचवीत व्हॅनिला इतका की आइस्क्रीमच वितळल्यासारखं वाटलं. एकीत काकवी, एकीत ज्येष्ठमध. सहावी रस्त्याकडेच्या आमिश शेतकऱ्याची, यीस्ट घालून घरी मुरवलेली. तिला फेस जेमतेम, पण वास थेट आपल्या अनंतमुळाकडे जाणारा. मी आठ दिले. आजोबांनी साडेपाच.

"औषधी लागते," ते म्हणाले. हे मात्र मला पटलं नाही. हे पेय लोकप्रिय केलं तेच मुळी एका औषधविक्रेत्याने. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्सने १८७६च्या प्रदर्शनात ते लोकांपुढे मांडलं. त्याची २५ सेंटची पुडी घरी नेली की ५ गॅलन पेय व्हायचं. औषधी वासाचे गुण कापायचे तर त्या हायर्सचेही कापावे लागतील.

वही चाळली तर वर्षानुवर्षांचे गुण; नऊच्या वर एकही नाही. दहा कुणासाठी राखलेत ते विचारायची गरज नव्हती. बाटल्यांवर पिशव्या चढवता येतात, आजीच्या पातेल्यावर काय चढवणार? त्यामुळे ही परीक्षा न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही. पण सुपरमार्केटच्या मक्याच्या साखरपाकाला डोळे मिटून नऊ देणाऱ्यांपेक्षा हा पक्षपाती परीक्षक मला बरा वाटला.

घरामागे सॅसाफ्रसची तीन झाडं आहेत. आजोबांनी एक डहाळी मोडून माझ्या नाकाशी धरली. लिंबासारखा, गोड, मातकट वास आला. आयोडेक्सचा मागमूस नाही. मग मुळं का उकळत नाही, मी विचारलं.

"बंदी कारखान्याला आहे, माझ्या कुदळीला नाही," ते म्हणाले. "पण बायको चाळीस वर्षं नर्स होती. ती पातेलं देत नाही."

आठव्या बाटलीला चार मिळाले.