मोराची झेप, सापाचा थांबा

व्हिडिओ गेमचा आराखडा करताना दोन प्रश्न सोडवावे लागतात: खेळात काय काय करता येते आणि ते कोण करते. पहिल्याच्या उत्तराला या व्यवसायात मेकॅनिक म्हणतात, दुसऱ्याच्या उत्तराला पात्र. धावणे, उडी मारणे, लपणे, वस्तू ढकलणे या क्रिया आणि त्यांच्यावर घातलेली बंधने मिळून मेकॅनिक तयार होते. खरी करामत बंधनांची असते. खो-खोत पळणाऱ्याला मैदानभर मोकळीक असते. पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही आणि दोन खांबांमधली मधली पाटी ओलांडता येत नाही. ही दोन बंधने काढली की उरते नुसती पकडापकडी. बसलेल्या गड्याला खो देऊन उठवण्याची सगळी गंमत त्या अडचणीतून येते.

हे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प बहुधा उलट्या टोकाने सुरू होतात. आधी नायकाचे केस, चिलखत, तलवार, त्याच्या आजोबांच्या शापाची कथा. वही भरते, सत्र संपत येते, आणि मग लक्षात येते की या नायकाला चालण्यापलीकडे काही करता येत नाही. चित्र चांगले असूनही खेळ उभा राहत नाही. गेममधले पात्र आधी त्याच्या वागण्यातून ओळखले जाते, दिसण्याचा क्रम त्यानंतरचा.

याचा जुना आणि अजूनही सर्वांत स्वच्छ पुरावा म्हणजे तोरू इवातानी यांचा १९८० चा ‘पॅक-मॅन’. त्यातली चार भुते रंग सोडला तर सारखीच दिसतात. पण लाल भूत पॅक-मॅन जिथे आहे त्या चौकटीवर थेट चालून येते. गुलाबी भूत त्याच्या तोंडासमोरची चौथी चौकट धरून वाट अडवते. निळे भूत लाल भुताच्या जागेवरून आपले लक्ष्य काढते, म्हणून ते एकटे असताना बावळट आणि लाल जवळ आले की धोकादायक वाटते. नारिंगी भूत लांबून पाठलाग करते, पण आठ चौकटींच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. चार छोटे नियम, चार स्वभाव. खेळणाऱ्याला ही गणिते सांगावी लागत नाहीत. त्याला एक भूत आडदांड वाटते, एक लबाड, एक भित्रे.

गुलाबी भुताचे गणित, म्हणजे सावज जिथे आहे तिथे न जाता जिथे असेल तिथे जाणे, खानदेशातल्या चाळीसगावच्या परिसराला परके नाही. शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवी आहे. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याची आणि त्याला इ.स. १२०७ मध्ये मिळालेल्या दानाची नोंद आहे. मठ स्थापणारा चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघण याच्या पदरचा ज्योतिषी. दान देणारे निकुंभ घराणे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. त्या मठात शिकवल्या जाणाऱ्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) मोर आणि सापाचे एक उदाहरण आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे आणि साप खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, बिळाकडे येतो आहे. मोर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा असेल तर गाठ कुठे पडेल? उत्तर: बिळापासून १२ हातांवर, दोघांनीही १५ हात कापल्यावर.

खानदेशातल्या एखाद्या विद्यार्थ्याने यावरच लहानसा खेळ करायचा ठरवला, तर मेकॅनिक कशी घडते ते पायरीपायरीने पाहता येते. खेळाडू साप झाला असे धरू. बिळात पोचला की जिंकला. पहिल्याच चाचणीत कळते की हा खेळ जिंकताच येत नाही. मोराला गणित येते, वेग सारखा आहे, आणि सरळ येणारा साप दर वेळी १२ व्या हातावर मरतो. गणितात साप मधेच थांबत नाही हे गृहीत असते. खेळ सुरू होतो तो नेमका साप थांबू शकतो तिथून. मोराने एकदा झेप घेतली की हवेत दिशा बदलायची नाही, हे खो-खोतले बंधन त्याच्यावर घातले की सापाला हूल देता येते: वेगाने निघायचे, मोर उडाला की थबकायचे, मोर पुढे जाऊन आदळतो. मग मोराला हुशार करावे लागते. दोनदा फसल्यावर तो झेप घ्यायला वेळ लावतो, आणि उघड्यावर थांबून राहिलेल्या सापाला हा उशीरच महागात पडतो.

आता आकडे. दोघांचा वेग सेकंदाला ६ हात ठेवला तर १५ हातांना अडीच सेकंद लागतात. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे फ्रेम, उमटत असतील तर त्या १५० फ्रेम झाल्या. एका फ्रेममध्ये साप हाताचा दहावा भाग सरकतो. खेळाडूला सावध होता यावे म्हणून झेपेआधी मोर अर्धा सेकंद पिसारा फुलवतो, म्हणजे ३० फ्रेम. मोराने गाठीची जागा पिसारा फुलवण्याआधी काढली असेल तर तो १२ व्या हातावर उतरतो तेव्हा न थांबलेला साप ९ व्या हातावर, तीन हात पुढे निघून गेलेला असतो आणि बिनधोक बिळात शिरतो. हीच जागा पिसारा फुलवल्यानंतर, साप २४ हातांवर असताना काढली तर गाठ सुमारे १०.३ हातांवर पडते आणि साप सापडतो. कोडमधली एक ओळ वरची खाली केली की सोपा खेळ अवघड होतो. मोराचे चित्र काढण्याआधी हे कळले पाहिजे, कारण पिसारा किती फ्रेममध्ये फुलवायचा हे त्यावरच ठरणार असते.

म्हणून पहिला नमुना, ज्याला प्रोटोटाइप म्हणतात, तो चौकटींच्या कागदावर दोन नाणी सरकवून करावा. दुसरा संगणकावर, करड्या ठोकळ्यांचा. मोर म्हणजे एक चौकोन, साप म्हणजे दुसरा. ठोकळे असतानाच खेळ पुन्हा खेळावासा वाटला तर पुढे जायचे. गोडो हे खेळ उभारण्याचे इंजिन आणि ब्लेंडर हे चित्रकामाचे सॉफ्टवेअर, ही दोन्ही मोफत मिळतात आणि अशा द्विमितीय खेळाला साधा लॅपटॉप पुरतो, त्यामुळे तालुक्याच्या गावी राहून हे करण्यात साधनांची अडचण फारशी उरलेली नाही.

चित्राची पाळी यानंतर येते, आणि तिथेही मर्यादाच उपयोगी पडते. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतो यांच्याकडे नायकासाठी मोजकेच ठिपके होते. तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून मोठे नाक आणि मिशी आली, केस हलवणे अवघड होते म्हणून टोपी आली, आणि हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाची डंगरी आली. हाच पुढे मारिओ झाला. पात्र नीट घडले आहे की नाही याची साधी परीक्षा अशी: आकृती पूर्ण काळी करावी आणि नुसत्या सावलीवरून ती कोण आहे हे ओळखता येते का ते पाहावे. साक्रीकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या भोवाडा या सोंगांच्या खेळाचे मुखवटे या परीक्षेत सहज उतरतात. रात्री, दुरून, हलत्या उजेडात सोंग ओळखू यावे लागते, आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या लहान आकृतीची गरज तीच आहे.

पार्श्वभूमीच्या बाबतीत चाळीसगावातच एक धडा आहे. केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याचा मोठा काळ रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यातून क्वचितच बाहेर पडत काढला आणि टेबलटॉप फोटोग्राफीत नाव मिळवले. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, प्रकाश असा टाकायचा की कॅमेऱ्याला ते खरे निसर्गदृश्य वाटावे. गेममधली लेव्हल अशीच रचली जाते. कॅमेरा जिथून पाहणार नाही तो डोंगराचा भाग घडवलेलाच नसतो, आणि पाच दगड फिरवून-उलटवून अख्खा घाट उभा होतो. पाटणादेवीचा परिसर हुबेहूब उतरवण्याच्या नादात कित्येक प्रकल्प रखडतील. खांब, बीळ, गवत आणि मागे सातमाळ्याच्या रांगेची एक कड एवढे वरच्या खेळाला पुरे आहे.

पात्र आणि मेकॅनिक एकमेकांत पूर्ण मुरल्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. महाबलासुराच्या राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी ही या खेळाची नायिका. ती राजकन्या किंवा योद्धा नाही, डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे, आणि हा निर्णय कथेपुरता राहत नाही. ती खांबाला धरून गरकन फिरत वार करते, भिंतीवरून धावत जाऊन उसळते. कसरतपटू असल्यामुळे तिला हे शोभते, आणि तिला हे करता यावे म्हणून रणांगणात खांब आणि भिंती हव्यात. राजस्थानी धाटणीच्या महालांची रचना त्यामुळे निव्वळ शोभेची राहत नाही. कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितले आहेत. त्यात सौंदर्य आहेच, शिवाय छोट्या चमूला महागडी चलचित्रे टाळता आली असणार. या चमूने २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती जमली नाही. खेळ २०२० मध्ये बाहेर आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम इंडी, म्हणजे स्वतंत्र चमूने केलेल्या, खेळाच्या नामांकनांत पोचला. त्याच्या लढाईत तोचतोचपणा आहे आणि शेवट तुटक वाटतो. पण नायिकेचा पेशा आणि तिची चाल यांची सांगड अभ्यासण्यासारखी आहे.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून मोठे काही निघते का, हा पालकांचा प्रश्न असतो. अमेरिकेतल्या डिजिपेन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नारबॅक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा खेळ केला. त्यातली राजकन्या उडी मारू शकत नाही. तिला भिंतींवर दोन दारे उघडून एकातून दुसऱ्यात निघावे लागते. वॉल्व्ह कंपनीने या मुलांना नोकरीवर घेतले आणि २००७ मध्ये त्याच कल्पनेवर ‘पोर्टल’ आला. एक बंधन आणि एक क्रिया एवढेच त्या मूळ प्रकल्पाचे भांडवल होते. पालकांची दुसरी शंका जुगाराची असते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदी आणली. खेळ घडवण्याच्या शिक्षणाचा किंवा धंद्याचा त्या बंदीशी संबंध नाही.

खेळ तयार झाला असे वाटले की तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा, आणि ही सगळ्यांत त्रासाची पायरी आहे. चाचणी घेताना घडवणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. खेळणारा कुठे अडतो, कुठली कळ उगाच दाबतो, कुठे ‘मी दाबलं होतं!’ म्हणून चिडतो, तेवढे टिपायचे. ही तक्रार बऱ्याचदा खरी असते. कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यावर क्षणभराने उडीची कळ दाबणाऱ्याला संगणक काटेकोरपणे दरीत ढकलतो. म्हणून ‘सेलेस्ट’सारख्या (२०१८) खेळांत कडा सुटल्यावरही काही फ्रेम उडी मान्य होते. खेळाडूला ही सवलत दिसत नाही, खेळ न्यायी वाटतो एवढेच. कधी चूकच गुण ठरते. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू जसे मरत तसे चित्र काढायचे काम हलके होऊन उरलेले शत्रू वेगाने सरकत. तोमोहिरो निशिकादो यांनी तो वेग तसाच राहू दिला आणि शेवटच्या शत्रूशी होणारी झटापट हा त्या खेळाचा कळस झाला.

राहता राहिली भाषा. ‘आहे’च्या जागी अहिराणी बोलीतले ‘शे’ म्हणणारे पात्र खानदेशातल्या खेळाडूला लगेच आपले वाटते, आणि अहिराणी संवाद घालायला खर्च जवळपास नाही: फोनचा रेकॉर्डर, बंद खोली आणि आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून गोधडी. लिखित मजकूर मात्र दगा देऊ शकतो. देवनागरीत अक्षरे एकमेकांना जोडून, मागेपुढे सरकवून मांडावी लागतात, आणि पुष्कळ इंजिने हे काम वर्षानुवर्षे करत नव्हती. अशा इंजिनांत पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते, रफार सुटा राहतो, जोडाक्षराचे हलन्त होते. गोडोमध्ये ही सोय २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून आली. त्यामुळे संवाद लिहायला घेण्याआधी, पहिल्याच दिवशी, निवडलेल्या इंजिनात आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘किल्ला’, ‘मूर्ती’, ‘स्त्री’ आणि ‘पिसाऱ्याखाली’ हे चार शब्द टाकून पाहावेत, आणि ते संगणकावर तसेच स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, दोन्हीकडे नीट उमटतात याची खात्री करून घ्यावी.