आधी कारखाना, कचऱ्याचं मग बघू

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर, कुआंतान बंदराजवळ गेबेंगची औद्योगिक वसाहत आहे. ‘लायनस’ या ऑस्ट्रेलियन कंपनीचा दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा कारखाना तिथे उभा राहिला. खनिज मात्र पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माउंट वेल्डच्या खाणीतलं. ते एवढा समुद्र ओलांडून आणायचं कारण हिशेबाचं होतं: बंदर, गॅस, पाणी आणि आम्ल हाताशी, वर 12 वर्षांची करमाफी.

2008 मध्ये परवानग्या भराभर मिळाल्या. फेब्रुवारीत पर्यावरणाची, सप्टेंबरमध्ये अणुऊर्जा परवाना मंडळाची बांधकामासाठी. मग जागतिक मंदीत पैसा आटला आणि काम रखडलं. 2010 मध्ये चीनने जपानचा पुरवठा रोखला, तसे या मूलद्रव्यांचे भाव आभाळाला भिडले. पाठोपाठ जपानने कंपनीला 25 कोटी डॉलर दिले आणि गेबेंगला पुन्हा वेग आला.

मार्च 2011 मध्ये वारं फिरलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रकल्पावर सविस्तर बातमी दिली आणि त्याच आठवड्यात जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली. पण कुआंतानकरांच्या भीतीचं मूळ जपानमध्ये नव्हतं, त्यांच्याच देशातल्या बुकित मेराहमध्ये होतं. तिथे मित्सुबिशीची भागीदारी असलेला असाच कारखाना 1982 पासून चालत होता. त्याच्या किरणोत्सर्गी कचऱ्यावरून गावकरी कोर्टात गेले. 1992 मध्ये इपोहच्या उच्च न्यायालयाने कारखाना बंद करायला सांगितलं, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तरीही 1994 मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. मागे राहिलेलं साफ करायला सुमारे 10 कोटी डॉलर लागले.

आता न्यायाने बोलायचं तर दोन्ही कारखाने एका मापाने मोजता येत नाहीत. बुकित मेराहला कथिलाच्या खाणीतून उरलेलं मोनाझाइट हे खनिज यायचं, त्यात किरणोत्सर्गी थोरियम भरपूर. माउंट वेल्डच्या मालात ते कितीतरी कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. हा माल सल्फ्युरिक आम्लात कालवून भट्टीत भाजतात, मग पाण्यात घोळवतात. हवी ती मूलद्रव्यं पाण्यात उतरतात आणि खाली जो लगदा उरतो त्यात थोरियम बसतं. त्याचा किरणोत्सर्ग दर ग्रॅमला साधारण 6 बेक्वेरेल. नियमनाची मर्यादा 1. हा लगदा कायमचा कुठे ठेवणार, हा एकच प्रश्न होता आणि बांधकामाची परवानगी देताना त्याचं पक्कं उत्तर कुणी मागितलं नव्हतं.

2011 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक येऊन गेलं. किरणोत्सर्ग सुरक्षेच्या मानकांचा भंग आढळला नाही, असं त्यांनी सांगितलं. पण 11 शिफारशींतली पहिलीच होती की, कारखाना सुरू होण्याआधी कंपनीकडून कचऱ्याची दीर्घकालीन योजना घ्या. झालं काय? 2012 मध्ये तात्पुरता परवाना मिळाला आणि कायमस्वरूपी जागेचा आराखडा 10 महिन्यांत द्या, अशी अट पडली. म्हणजे पुन्हा वायदाच. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने हा कचरा परत घ्यायला नकार दिला होता.

नोव्हेंबर 2012 मध्ये प्रकल्पाविरोधातले आंदोलक कुआंतानहून क्वालालंपूरपर्यंत सुमारे 300 किलोमीटर चालत गेले. महिना संपता संपता भट्ट्या पेटल्या. 2014 मध्ये पूर्ण परवाना मिळाला.

2018 मध्ये सत्तापालट झाला, तोवर लगद्याचा ढीग साडेचार लाख टनांच्या आसपास गेला होता. नव्या सरकारने आधी तो देशाबाहेर न्या म्हणून सांगितलं, पण चीनबाहेरचा एवढा मोठा कारखाना बंद करणं परवडेना. 2019 मध्ये परवाना वाढवून मिळाला, तो सहाच महिन्यांचा. अट अशी की भाजण्या-घोळवण्याचं काम चार वर्षांत मलेशियाबाहेर न्यायचं. मुदत आली, की ती पुढे ढकलली गेली. त्या कामासाठी ऑस्ट्रेलियात काल्गूर्लीला नवा कारखाना उघडला 2024 मध्ये.

मे 2025 मध्ये गेबेंगमध्ये डिस्प्रोसियम या दुर्मीळ मृदा मूलद्रव्याचं ऑक्साइड तयार झालं आणि चीनबाहेरचं पहिलं व्यापारी उत्पादन म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तो वाजवीही आहे. पण कचऱ्याच्या कायमच्या जागेचं सांगायचं तर बुकित केतामच्या डोंगराळ भागात ती आखली, विरोध झाला आणि अखेर फिरून गेबेंगच्याच वसाहतीत आली. जे 2008 मध्ये नकाशावर दाखवता आलं असतं, त्याला बारा वर्षांहून जास्त काळ लागला. हा दोष तंत्रज्ञानाचा नाही, परवानगी देणाऱ्यांचा आहे.