गोष्ट सांगतंय कोण?

 

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा ठेवला. तेवढ्यात कॉलेजात जाणारी एक मुलगी मोबाइलवर जुना काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा बघत होती, आम्हीही भोवती जमलो. दोन मिनिटांत एक मावशी म्हणाल्या, "अगं, यात सगळा अंधारच आहे. माणसाचं तोंड दिसेना." दुसरी म्हणाली, "आणि खून कुणी केला ते पहिल्यालाच सांगून टाकलं. आता बघायचं काय?"

दोघींचे प्रश्न अगदी नेमके होते. अंधार कशाला? आणि शेवट आधी का सांगितला? आज याच प्रश्नांची उत्तरं शोधू. त्यातून तिसरा प्रश्न निघतो, आणि तो तुमच्या-माझ्या बैठकीपर्यंत येऊन पोहोचतो.

या सिनेमांना 'फिल्म न्वार' म्हणतात. न्वार हा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ काळा. सिनेमे अमेरिकेचे, पण नाव दिलं फ्रान्सने. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता, तेव्हा तिथे अमेरिकेचे सिनेमे येत नव्हते. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, राहिलेले सगळे सिनेमे एकामागून एक पॅरिसमध्ये लागले. तिथल्या लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं की अमेरिकेच्या गुन्ह्याच्या गोष्टी आता बदलल्या आहेत. शूर पोलीस आणि दुष्ट चोर असा सरळ हिशोब राहिलेला नाही. साधी नोकरी करणारी माणसं लोभापायी घसरतात, आणि पडद्यावर काळोख दाटलेला असतो. म्हणून नाव पडलं काळा सिनेमा.

आता पहिला प्रश्न, अंधाराचा. घरातली लाइट गेल्यावर चिमणी लावतो, तेव्हा भिंतीवर आपलीच सावली केवढी मोठी पडते! चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी काळी राहते. ओळखीचं माणूसही जरा वेगळंच वाटतं. या सिनेमावाल्यांनी हेच केलं. भरपूर दिवे लावून चेहरा स्वच्छ दाखवण्याऐवजी एखादाच दिवा, तोही बाजूने. खिडकीला आडव्या पट्ट्यांचा पडदा, त्यातून येणाऱ्या उजेडाच्या रेघा माणसाच्या अंगावर पडतात, आणि तो तुरुंगाच्या गजांमागे उभा असल्यासारखा दिसतो. अजून पकडला गेलेला नसतो, पण आपल्याला आधीच कळतं.

ही कला बऱ्याच अंशी जर्मनीतून आली. हिटलर सत्तेवर आल्यावर अनेक सिनेमावाले जीव वाचवून अमेरिकेत गेले. बिली वाइल्डर हा त्यांतलाच एक, ज्यू घरातला. १९३३ साली त्याने बर्लिन सोडलं. डोळ्यांसमोर एक देश बिघडताना पाहिलेल्या माणसाला चांगली माणसं वाईटाकडे कशी वळतात हे वेगळं शिकवावं लागलं नसेल.

याच वाइल्डरने १९४४ साली 'डबल इन्डेम्निटी' नावाचा सिनेमा केला. नावाचा अर्थ दुप्पट भरपाई. गोष्ट विम्याची आहे, म्हणून आपल्याला चटकन कळेल. लॉस एंजलिस शहरात वॉल्टर नावाचा विमा एजंट आहे. गाडीच्या विम्याचं नूतनीकरण करायला तो एका बंगल्यात जातो. तिथे फिलिस नावाची घरमालकीण भेटते. नवऱ्याला कळू न देता त्याचा अपघात विमा काढता येईल का, असं ती विचारते. वॉल्टर समजायचं ते समजतो. आधी निघून जातो, पण मग तिच्या जाळ्यात येतो. दोघं मिळून नवऱ्याला मारतात आणि रेल्वेतून पडून मेल्याचा देखावा करतात, कारण तशा अपघाताला दुप्पट पैसे मिळतात.

त्या नवऱ्याची सही कशी घेतात ठाऊक आहे? गाडीच्या विम्याचा कागद आहे असं सांगून. तो बघत नाही, वाचत नाही, करतो सही. ही सही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरा प्रश्न. हा सिनेमा सुरू होतो तेव्हा वॉल्टरला गोळी लागलेली आहे. मध्यरात्री तो आपल्या ऑफिसात येतो, आवाज टिपून घेणाऱ्या यंत्रासमोर बसतो आणि साहेबाच्या नावाने कबुलीजबाब देऊ लागतो. पैशासाठी आणि एका बाईसाठी मी खून केला, आणि हाती दोन्ही लागलं नाही, असं तो पहिल्यांदाच सांगून टाकतो. मग मागची सगळी गोष्ट उलगडते. यालाच फ्लॅशबॅक म्हणतात.

तर शेवट आधी का? एक कारण असं की अमेरिकेत तेव्हा सिनेमांना कडक नियम होते. १९३४ पासून ते सक्तीने पाळावे लागत. गुन्हा करणारा सुखात राहिला असं दाखवायची परवानगीच नव्हती. गुन्हेगाराला शिक्षा होणार हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत. मग दिग्दर्शकांनी उत्सुकतेची जागाच बदलली. 'काय होणार' हे सोडून 'इथपर्यंत कसा आला' हे बघायला लावलं. आपल्याला हे नवं नाही. कीर्तनात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की शेवट सगळ्यांना पाठ असतो, तरी आपण मांडी घालून बसतोच. कारण पाय कुठे अडखळला, मन कुठे वळलं, ते ऐकायचं असतं. वॉल्टर परत फिरू शकला असता अशी जागा प्रत्येक वळणावर येते, आणि तो फिरत नाही. शेवट ठाऊक असल्यामुळेच जीव जास्त तुटतो.

अंधार, शेवटापासून सुरुवात, गुन्हेगाराच्याच तोंडून गोष्ट, आणि घात करणारी देखणी बाई. या चार खुणा दिसल्या की ओळखायचं, हा न्वारच्या वळणाचा सिनेमा. आपल्या मुंबईतही हे वारं आलं होतं. गुरुदत्तचा 'बाजी' १९५१ चा, राज खोसलांचा 'सीआयडी' १९५६ चा, दोन्हींत देव आनंद. रात्र, क्लब, धूर, सावल्या सगळं आहे. फक्त आपल्याकडे गाणी भरपूर आणि शेवट गोड.

आता त्या चौथ्या खुणेपाशी, घात करणाऱ्या बाईपाशी, जरा थांबू. 'डबल इन्डेम्निटी' पाहून उठलेला माणूस म्हणतो, "त्या फिलिसने बिचाऱ्याला बिघडवलं." फिलिस सज्जन नाहीच, नवऱ्याला मारायचं तिच्या मनात होतं. पण गोष्ट नीट ऐका. रेल्वेची युक्ती कुणाची? वॉल्टरची. दुप्पट पैशाचं कलम कुणाला ठाऊक होतं? वॉल्टरला. कंपनीला फसवून बघावं हा विचार त्याच्या डोक्यात फिलिस भेटण्याआधीपासून होता, हेही तोच सांगतो. तरी दोष मनात तिच्याच नावावर का पडतो? कारण पूर्ण गोष्ट त्याच्या आवाजात आहे. ती कशी हसली, तिच्या पायातली साखळी कशी चमकली, हे त्याने जेवढं पाहिलं तेवढंच आपण पाहतो. तिला गोष्ट सांगायला त्या यंत्रासमोर कुणी बसवलंच नाही.

हा झाला आपला तिसरा प्रश्न. गोष्ट सांगतंय कोण?

पुढच्याच वर्षी, १९४५ साली, 'मिल्ड्रेड पिअर्स' नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, मूळ कादंबरी जेम्स केन यांची. 'डबल इन्डेम्निटी'ची मूळ गोष्टही त्यांचीच. इथे मात्र गोष्ट सांगणारी बाई आहे. मैत्रिणींनो, ही बाई तुम्हाला आपल्यातलीच वाटेल.

मिल्ड्रेडच्या नवऱ्याचा धंदा बसलेला. ती घरीच केक आणि पाय, म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेला पदार्थ, करून शेजारीपाजारी विकते. नवरा घर सोडून जातो. पदरात दोन मुली. ती हॉटेलात वाढपिणीचं काम धरते, धंदा शिकून घेते, आणि स्वतःचं हॉटेल काढते. एकाची अनेक हॉटेलं होतात. धाकटी मुलगी न्यूमोनियाने जाते, आणि मिल्ड्रेडचा सगळा जीव थोरल्या व्हेडात अडकतो. पण व्हेडाला आईच्या हाताला येणाऱ्या तळणीच्या वासाची लाज वाटते. मुलीने घरी राहावं म्हणून आई श्रीमंत घराण्यातल्या, पण कर्जात बुडालेल्या माणसाशी लग्न करते आणि धंद्यातला हिस्सा त्याला देते. तोच माणूस तो हिस्सा विकून टाकतो, आणि उभा केलेला धंदा हातातून जातो.

नुसती एवढी गोष्ट असती तर कष्टाळू आईची गोष्ट म्हटली असती. पण सिनेमा सुरू होतो गोळीच्या आवाजाने. तो दुसरा नवरा मरून पडतो, आणि मिल्ड्रेड रात्री पोलिसांसमोर बसून आपली कहाणी सांगते. मूळ कादंबरीत हा खून नाही. तो सिनेमासाठी घातला. त्यामुळे काय झालं बघा. तेच केक, तेच हॉटेल, तेच कष्ट, पण आता आपण ते सगळं संशयाने बघतो. बाईने पैसा कमावला, त्याचा हिशोब ती चौकीत बसून देते आहे असं वाटू लागतं. तिला बोलायला मिळालं, पण जागा मिळाली आरोपीची. खून कुणी केला ते मी सांगत नाही, कधी बघितलात तर बघा. एवढंच सांगते, त्या रात्री मिल्ड्रेडही सगळं खरं बोलत नाही. आई आहे ती.

युद्धाच्या काळात अमेरिकेतले पुरुष आघाडीवर होते, आणि लाखो बायका कारखान्यांत कामाला लागल्या होत्या. युद्ध संपत आलं तशी त्यांनी घरी परतावं अशी भाषा सुरू झाली. कमावत्या बाईबद्दल समाजाच्या मनात जी धास्ती होती, ती या सिनेमांत उतरली, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं.

याच सिनेमात आणखी एक बाई आहे. लॉटी नावाची कृष्णवर्णीय मोलकरीण. मिल्ड्रेडच्या स्वयंपाकघरात ती राबते. तिच्या बोलण्यावर प्रेक्षकाने हसावं एवढंच तिला दिलंय. बटरफ्लाय मॅक्वीन या नटीने ते काम केलं, आणि पडद्यावरच्या नावांच्या यादीत तिचं नावही नाही. अगदी शेवटी पहाट होते, मिल्ड्रेड इमारतीबाहेर पडते, आणि बाजूला दोन बायका गुडघ्यांवर बसून फरशी पुसत असतात. त्यांची गोष्ट कोणीच विचारत नाही.

आता माझीच एक चूक सांगते. आमच्या एका गटात एका सभासदाचे पाच हप्ते थकले. कर्ज शेळ्यांसाठी घेतलं होतं. बैठकीला तिचा दीर आला आणि म्हणाला, पैसे हिने माहेरी उडवले. आम्ही ऐकलं. ती मान खाली घालून बसली होती, म्हणजे खरंच असणार, असं धरलं. मी प्रोसिडिंगच्या वहीत तसंच लिहिलं. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. तिनेही केली. लिहिलेलं मी वाचून दाखवलं नव्हतं.

चार महिन्यांनी कळलं, दोन शेळ्या आजाराने मेल्या होत्या. उरलेल्या दिरानेच बाजारात विकल्या आणि पैसे तिच्या हाती आलेच नाहीत. मी विचारलं, "तेव्हा का नाही बोललीस गं?" ती म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलं कुठं?"

आम्ही ठराव घेऊन ती नोंद दुरुस्त केली, हप्ते बांधून दिले. पण ती अजून बैठकीत दाराजवळच बसते. वहीतली ओळ खोडता येते, गावात फिरलेली गोष्ट खोडता येत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. गटातल्या कुणाबद्दल काही कानावर आलं, तर निर्णयाआधी तीन प्रश्न मोठ्याने विचारा. ही गोष्ट सांगतंय कोण? जिच्याबद्दल आहे, तिला बोलायला बसवलं का, आणि आरोपीसारखं बसवलं की सभासदासारखं? या गोष्टीत असूनही एक शब्द न बोललेलं कोण आहे? आणि सही घेण्याआधी प्रोसिडिंग मोठ्याने वाचून दाखवा, सगळं.

त्या सिनेमांत दिवा एकाच बाजूने लावतात, कारण त्यांना तसंच दाखवायचं असतं. आपल्या बैठकीत दुसऱ्या बाजूचा दिवा लावणं आपल्या हातात आहे.

येते मी. नमस्कार.